खळ्यावरचं शेवाळ, पार्किंगमधलं तेल

पावसाळा सरला, की कोकणातल्या सिमेंटच्या खळ्यावर हिरवं-काळं शेवाळ उरतं. शहरातल्या पार्किंगमध्ये इंजिन ऑइलचे डाग तर बारमाही. दोन्हींवर सर्रास एकच उपाय होतो: हार्डवेअरच्या दुकानातली ॲसिडची बाटली.

तो महागात पडतो. हायड्रोक्लोरिक ॲसिड सिमेंटमधला चुनाच खातं. फसफसतं ते काँक्रीट, डाग नव्हे! पृष्ठभाग खरबरीत होतो आणि पुढचा डाग आणखी खोल मुरतो. तेल तर ॲसिडला दादच देत नाही.

सांडलेल्या ताज्या तेलावर लाकडाचा भुसा पसरून दाबावा आणि तेल शोषलं गेलं की झाडून घ्यावा. जुन्या डागावर धुण्याच्या पावडरीचा ओलसर लेप द्यावा, थोडा वेळ मुरू द्यावा, मग नायलॉनच्या कडक ब्रशने घासावं. तारेचा ब्रश नको. त्याचे तुटलेले तुकडे गंजून नवे डाग पाडतात. गंजावर ऑक्झॅलिक ॲसिडचं सौम्य द्रावण चालतं, पण ते विषारी असतं. हातमोजे आणि चष्मा हवेतच.

शेवाळाला बहुतेकदा खराटा आणि पाणी पुरतं. ब्लीचिंग पावडर वापरलीच, तर झाडांपासून दूर. ॲसिडशी तिची गाठ पडली, तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. आदल्या दिवशी ॲसिड टाकलेल्या जागी ती भुरभुरण्याआधी फरशी भरपूर पाण्याने धुवावी.