कामे गावाला, किल्ली राजधानीला

(जुळे सोलापूर येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



१९९२ साली सोलापूरची हद्द वाढली आणि हा परिसर महानगरपालिकेत आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेने ७३वी व ७४वी घटनादुरुस्ती संमत केली. म्हणजे आपण शहरात आलो, त्याच सुमारास शहराला राज्यघटनेत जागा मिळाली. त्यानंतरच्या तीन दशकांचा हिशेब एका वाक्यात सांगता येतो : कामे खाली आली, पैसा आणि अधिकार वरच राहिले.

विकेंद्रीकरण हा आपल्या चळवळीचा उसना विषय नव्हे. डॉ. राममनोहर लोहियांनी गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र या चार खांबांवर उभ्या राहणाऱ्या चौखंबा राज्याची कल्पना मांडली. जनता राजवटीत नेमलेल्या अशोक मेहता समितीने १९७८ साली पंचायत राज्याला बळ देणाऱ्या शिफारशी केल्या. महाराष्ट्राने तर १ मे १९६२ रोजीच जिल्हा परिषदा स्थापून शाळा, दवाखाने व रस्ते त्यांच्याकडे सोपवले होते.

मग गाडी अडली कुठे? घटनेच्या बाराव्या परिशिष्टात शहरांसाठी १८ विषय आहेत, पाणीपुरवठा त्यांतलाच. परंतु हे अधिकार राज्य विधिमंडळ ‘देईल’ असे घटना म्हणत नाही, ‘देऊ शकेल’ असे म्हणते. या ‘शकेल’मध्ये सारी मेख आहे. १९४९च्या महानगरपालिका कायद्यानुसार कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे, आणि आयुक्त नेमणार राज्य सरकार. महापौरांच्या वाट्याला मान येतो, सत्ता येत नाही.

पैशाची कथा याहून वेगळी नाही. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर गेला, १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. स्वतःच्या उत्पन्नावर उभी राहणारी महापालिका आता नुकसानभरपाईच्या हप्त्यासाठी मुंबईकडे डोळे लावून बसते.

जानेवारी २०१६ मध्ये सोलापूर ‘स्मार्ट सिटी’च्या पहिल्या यादीत आले. निधी आला, पण केंद्राच्या अटीनुसार तो खर्च करण्यासाठी वेगळी कंपनी काढावी लागली. ज्या शहराने वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड पाणी भरले, त्याच्या पाण्याचा निर्णय सर्वसाधारण सभेत नव्हे, संचालक मंडळात! पुढे मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, तर सभागृहच उरले नाही; प्रशासक आला. स्थानिक निवडणुका घ्या, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये आदेश द्यावा लागला.

एक आक्षेप मात्र आपण प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. सत्ता खाली आली की ती गावच्या धनदांडग्याच्या आणि ठेकेदाराच्या हाती जाते, असे म्हणतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच भीतीपोटी १९४८ साली खेड्याऐवजी व्यक्तीला घटनेचा घटक मानले. ही भीती खोटी नाही. पण तिच्यावरचा उपाय सत्ता पुन्हा मंत्रालयात नेणे हा नव्हे. दलित, आदिवासी व स्त्रियांचे आरक्षण, उघडा हिशेब आणि मतदारांची सभा हा आहे. केरळने १९९६ पासून योजना निधीचा ३५ ते ४० टक्के हिस्सा स्थानिक संस्थांना देऊन ग्रामसभेत नियोजन केले. तिथे आभाळ कोसळले नाही.

महाराष्ट्रातही २००९च्या कायदादुरुस्तीने क्षेत्रसभेची तरतूद केली. ती कागदावरच राहिली. तेव्हा मोर्चाची मागणी नुसत्या नळाची नको. पाण्याचे वेळापत्रक, रस्त्याचे अंदाजपत्रक आणि ठेकेदाराचे देयक आपल्या क्षेत्रसभेपुढे आले पाहिजे, ही मागणी घेऊन दारोदार जा. १९३०च्या मे महिन्यात या शहराने साम्राज्याला काही दिवस हद्दपार केले होते आणि त्याची किंमत चार हुतात्म्यांच्या फाशीने मोजली. त्या शहराला आपल्या गटारीसाठी राजधानीची परवानगी मागावी लागू नये. स्वराज्य दिल्लीत आले आहे. ते वॉर्डापर्यंत आणणे हे आपले काम आहे.