कटऑफची रेषा कोण आखतो?

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील पालक-विद्यार्थी मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जेईईच्या निकालाच्या दिवशी घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : "कटऑफच्या वर की खाली?" उत्तर 'वर' असे आले की पेढ्यांचा पुडा उघडतो, 'खाली' असे आले की त्या घरात त्या रात्री कोणी मोठ्याने बोलत नाही. दोन वर्षांची जाग्रणे, शिकवणीचे हप्ते आणि आईवडिलांचा जीव या एका शब्दाला टांगलेला असतो. परंतु हा शब्द ज्या रेषेचे नाव आहे ती रेषा कोण आखतो, केव्हा आखतो आणि तिच्या अलीकडे-पलीकडे नेमके काय असते, याची चौकशी फारच थोडे पालक करतात. कापडाचे एक ठाण घेताना जो गृहस्थ पन्हा किती, धुतल्यावर आटेल किती, रंग पक्का आहे का, हे दहा वेळा विचारतो, तोच गृहस्थ मुलाच्या आयुष्यातील दोन वर्षांच्या सौद्यात असा एकही प्रश्न विचारीत नाही, हे नवलच म्हणावे लागेल.

पेठेत दोन गोष्टी असतात : मीटरपट्टी आणि भाव. मीटरपट्टी दिवाळीतही तेवढीच आणि आषाढातही तेवढीच असते. भाव मात्र माल किती आला आणि गिऱ्हाईक किती उभे आहे यावर ठरतो. शालान्त परीक्षेतील पस्तीस गुण ही मीटरपट्टी आहे. कितीही मुले बसली तरी पस्तीस मिळविणारा उत्तीर्णच होतो. जेईईचा कटऑफ हा भाव आहे. तो परीक्षेपूर्वी कोणालाच ठाऊक नसतो, परीक्षा घेणाऱ्यांनाही नाही. आणि बहुतेक घरांतील दुःख हे भावाला मीटरपट्टी समजल्यामुळे निर्माण होते.

थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे. आयआयटीसाठी एकच प्रवेश परीक्षा अनेक दशके चालत आली. इतर केंद्रीय अभियांत्रिकी संस्थांसाठी २००२ पासून 'एआयईईई' सुरू झाली. २०१३ मध्ये या दोहोंची दुमजली रचना झाली : खालचा मजला 'जेईई मेन' आणि वरचा 'जेईई अॅडव्हान्स्ड'. मेनच्या गुणवत्ताक्रमावर एनआयटी आणि ट्रिपल आयटी यांचे प्रवेश होतात, आणि मेनमधील वरच्या ठरावीक संख्येला अॅडव्हान्स्डला बसण्याची मुभा मिळते. वर्तमानपत्रांत 'जेईईचा कटऑफ' म्हणून जो आकडा छापला जातो, तो या मुभेचा आकडा होय. त्यावर एनआयटीत प्रवेश मिळत नाही आणि आयआयटीतही मिळत नाही. तो केवळ जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याचा परवाना आहे.

आता हा आकडा कसा निघतो ते पाहू. २०२० पासून अॅडव्हान्स्डसाठी अडीच लाख विद्यार्थी घ्यावयाचे असे ठरलेले आहे. त्यांची वाटणी अशी : खुल्या यादीत १,०१,२५०, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतून २५,०००, इतर मागासवर्गातून ६७,५००, अनुसूचित जातींतून ३७,५०० आणि अनुसूचित जमातींतून १८,७५०. प्रत्येक गटातील पाच टक्के जागा दिव्यांगांसाठी असतात. म्हणजे खुल्या यादीत त्या वगळून सुमारे ९६,१८७ जागा उरतात. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. खुली यादी ही कोणा एका समाजाची यादी नव्हे. गुणवत्तेने त्यात बसणाऱ्या कोणत्याही प्रवर्गाच्या विद्यार्थ्यास ती खुली आहे.

२०२४ मध्ये मेनला १४,१५,११० विद्यार्थी बसले. ९६,१८७ हे त्यांच्या ६.८ टक्के होतात. शंभरातून वजा केल्यास ९३.२ उरतात. त्या वर्षीचा खुल्या यादीचा प्रत्यक्ष कटऑफ ९३.२३६२१८१ होता. साध्या त्रैराशिकाने एवढे जवळ पोहोचता येते! २०२३ मध्ये ११,१३,३२५ विद्यार्थी बसले होते. तेच गणित केल्यास ९१.४ येतात आणि प्रत्यक्षात कटऑफ ९०.७७८८६४२ लागला. दशांशापर्यंत मेळ बसत नाही याचे कारण असे की परीक्षा दोन सत्रांत होते, प्रत्येक पाळीचा हिशेब वेगळा असतो आणि दोन सत्रांपैकी चांगला निकाल धरला जातो. पण दिशा स्पष्ट आहे. वर्षभरात परीक्षार्थी तीन लाखांनी वाढले, जागा तेवढ्याच राहिल्या आणि भाव जवळजवळ अडीच पर्सेंटाइलने चढला. २०२५ मध्ये १४,७५,१०३ विद्यार्थी बसले आणि कटऑफ ९३.१०२३२६२ लागला.

या हिशेबातील मानवी बाजू पाहावी. समजा, एका घरातील थोरल्या मुलाने २०२३ मध्ये ९२ पर्सेंटाइल मिळविले आणि धाकट्याने २०२४ मध्ये तेच ९२ मिळविले. थोरला अॅडव्हान्स्डला पात्र ठरला, धाकटा ठरला नाही. घरात कोणी ना कोणी म्हणणारच की धाकट्याने अभ्यासात कुचराई केली. वास्तविक दोघांनीही शंभरातील ब्याण्णवांना मागे टाकले. थोरल्याच्या पुढे सुमारे ८९ हजार विद्यार्थी होते, धाकट्याच्या पुढे १ लाख १३ हजार. धाकट्याच्या वर्षी पेठेत गर्दी जास्त होती, एवढाच त्याचा अपराध.

पर्सेंटाइल हा शब्दही नीट समजून घेतला पाहिजे. मराठीत त्यास शतमक म्हणतात. टक्के आणि शतमक ही सख्खी भावंडे नव्हेत. टक्के सांगतात की प्रश्नपत्रिकेतील किती भाग जमला. शतमक सांगते की बरोबरच्यांपैकी किती जण आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुणांवर आहेत. समजा, एका पाळीत एक लाख विद्यार्थी बसले आणि १५० किंवा त्याहून कमी गुण मिळविणारे ९५ हजार असले, तर १५० गुणांचे ९५ शतमक झाले. दुसऱ्या पाळीची प्रश्नपत्रिका सोपी निघाली आणि तेथे तितकेच किंवा कमी गुण मिळविणारे ९३ हजार असले, तर त्याच १५० गुणांचे ९३ होतील. यात अन्याय नाही. वेगवेगळ्या कठीण्याच्या पाळ्यांना एका तराजूत घालण्यासाठीच २०१९ मध्ये, नॅशनल टेस्टिंग एजन्सीने परीक्षा हाती घेतली तेव्हापासून, ही पद्धत आली. दशांशचिन्हानंतर सात आकडे दिले जातात ते बरोबरी टाळण्यासाठी. लाखाच्या पाळीत एक विद्यार्थी म्हणजे ०.००१ शतमक, त्यापुढील आकड्यांत कोणाची बुद्धी शोधू नये. शेवटच्या आकड्यावर बरोबरी झालीच तर त्या सर्वांना घेतले जाते, म्हणून २०२५ मध्ये अडीच लाखांऐवजी २,५०,२३६ विद्यार्थी पात्र ठरले.

त्यापूर्वीची पद्धत गुणांची होती. ३६० पैकी खुल्या प्रवर्गाचा कटऑफ २०१३ मध्ये ११३, २०१५ मध्ये १०५, २०१७ मध्ये ८१ आणि २०१८ मध्ये ७४ असा उतरत गेला. 'मुलांचा दर्जा घसरला' असा सूर त्या वेळी अनेकांनी लावला. वस्तुतः २०१३ मध्ये दीड लाख विद्यार्थ्यांना पुढे जाऊ देत होते आणि २०१८ मध्ये २ लाख ३१ हजारांना. दरवाजा रुंद केला की उंबऱ्याशी उभे असणारेही आत येतात. प्रश्नपत्रिकेचे कठीण्य हा दुसरा घटक. केवळ दोन वर्षांचे कटऑफ शेजारी ठेवून पिढीच्या बुद्धीबद्दल निष्कर्ष काढणे म्हणजे भावपत्रक पाहून कापडाचा पोत सांगण्यासारखे आहे.

अॅडव्हान्स्डमध्ये आणखी एक रेषा असते, आणि तिची कहाणी अधिक बोधक आहे. तेथे गुणवत्ता यादीत नाव येण्यासाठी एकूण गुणांची आणि प्रत्येक विषयाचीही किमान मर्यादा असते. २०१८ मध्ये ही मर्यादा आधीच जाहीर झाली होती : सर्वसाधारण यादीसाठी एकूण ३५ टक्के, म्हणजे ३६० पैकी १२६, आणि प्रत्येक विषयात १० टक्के. निकाल लागला तेव्हा जेमतेम १८,१३८ विद्यार्थी त्या मर्यादेत बसले. जागांच्या मानाने ही यादी फार तोकडी होती. राखीव जागा रिकाम्या राहण्याची चिन्हे दिसू लागली. केंद्र शासनाच्या सूचनेवरून मर्यादा १२६ वरून ९० वर आणण्यात आली आणि आणखी १३,८४२ जण यादीत आले. निकालाच्या दिवशी जे अपात्र होते ते थोड्याच दिवसांत पात्र ठरले. त्यांनी त्या दिवसांत एकही नवे गणित सोडविलेले नव्हते. ज्या घरांत मधल्या काळात मुलांना बोल लावले गेले असतील, त्या घरांनी ते शब्द परत कसे घेतले असतील?

त्यानंतर ही मर्यादा वर्षावर्षाला हलत राहिली आहे. ३६० पैकी २०२२ मध्ये ५५, २०२३ मध्ये ८६, २०२४ मध्ये १०९ आणि २०२५ मध्ये ७४. आणि यादीत येणे म्हणजेही प्रवेश नव्हे. २०२५ मध्ये अडीच लाख पात्र विद्यार्थ्यांपैकी १,८०,४२२ जण प्रत्यक्ष बसले, ५४,३७८ यादीत आले आणि २३ आयआयटींत मिळून जागा होत्या १८,१६०. म्हणजे 'अॅडव्हान्स्ड उत्तीर्ण' म्हणून ज्यांचे सत्कार होतात त्यांतील दोन-तृतीयांश विद्यार्थ्यांना तेथे जागाच नसते. सत्कार करू नयेत असे नव्हे. पण हार घालणाऱ्याला हे आकडे ठाऊक असावेत.

खरा व्यवहार होतो तो तिसऱ्या आकड्यावर. त्यास 'क्लोजिंग रँक' म्हणतात : एखाद्या संस्थेतील एखाद्या शाखेत, एखाद्या प्रवर्गात, प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचा क्रमांक. २०१५ पासून आयआयटी, एनआयटी इत्यादींचे प्रवेश 'जोसा' या संयुक्त व्यवस्थेतून फेऱ्याफेऱ्यांनी होतात आणि प्रत्येक फेरीचे असे क्रमांक प्रसिद्ध केले जातात. मुंबई आयआयटीच्या संगणकशास्त्र शाखेत खुल्या जागा अलीकडच्या वर्षांत पहिल्या सत्तर क्रमांकांच्या आतच संपल्या आहेत. दुसरीकडे, २०२५ मध्ये कटऑफवर काठोकाठ उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचा मेनमधील क्रमांक लाखाच्या आसपास होता, आणि देशभरातील ३१ एनआयटींच्या सर्व जागा मिळून सुमारे २४ हजार आहेत. एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात, म्हणून महाराष्ट्रातील मुलांनी नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेचे 'होम स्टेट' खालील क्रमांक वेगळे पाहावेत. पालकांनी मागील तीन वर्षांचे हे तक्ते निकालापूर्वीच शांतपणे वाचून ठेवणे हे कोणत्याही महागड्या समुपदेशनापेक्षा उपयोगी आहे, आणि त्यास एक पैसाही पडत नाही.

आणखी एका रेषेकडे हमखास दुर्लक्ष होते. आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशासाठी बारावीत ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५ टक्के), अथवा आपापल्या मंडळातील वरच्या वीस शतमकांत स्थान आवश्यक असते. कोविडच्या काळात ही अट शिथिल होती. २०२३ पासून ती पुन्हा लागू झाली. शिकवणीच्या नादात बारावीकडे पाठ फिरविणाऱ्यांचे हाती आलेले क्रमांक या अटीवर निसटू शकतात.

मेनच्या कटऑफखाली राहिलेल्या मुलाचे काय? महाराष्ट्रात त्याच्यासाठी एमएचटी-सीईटीचा स्वतंत्र मार्ग आहे. तेथे चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तसेच शून्याहून अधिक गुण असले की विद्यार्थी गुणवत्ता यादीत येतो. पुढचे सारे महाविद्यालयवार क्रमांकावर ठरते. पुण्याची १८५४ मधील अभियांत्रिकी संस्था, आजचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ, आणि मुंबईची १८८७ मधील व्हीजेटीआय यांतील बहुतांश प्रवेश याच मार्गाने होतात. या संस्थांतून बाहेर पडलेल्या अभियंत्यांना आयुष्यात कोणी त्यांचा मेनचा कटऑफ विचारला असेल, असे वाटत नाही.

शेवटी कागदपत्रांविषयी. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक किंवा इतर मागासवर्ग यांतून अर्ज करणाऱ्यांचे प्रमाणपत्र केंद्र शासनाच्या नमुन्यातील आणि त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरच्या तारखेचे लागते. राज्याच्या प्रवेशासाठी काढलेले किंवा गेल्या वर्षीचे प्रमाणपत्र तेथे चालत नाही. राज्याच्या यादीतील काही प्रवर्ग केंद्राच्या यादीत नाहीत, हेही अर्ज भरण्यापूर्वी तपासून घ्यावे. एप्रिलमध्ये तहसील कार्यालयात गर्दी असते आणि दाखला हाती येण्यास दिवस लागतात. म्हणून उत्पन्नाची कागदपत्रे मार्च अखेरीसच जुळवून ठेवावीत आणि अर्ज १ एप्रिलनंतर पहिल्याच आठवड्यात द्यावा.