राफ्ट आणि पाइल: भार दोघांचा



म्हैसूरची चामुंडी टेकडी ग्रॅनाइटची.
असा पक्का खडक जवळ लागला, की पाया थेट त्यावर टेकवता येतो.

पण खडक फार खोल असेल तर?

जर्मनीतल्या फ्रँकफुर्टमध्ये हाच प्रश्न होता.
जमिनीखाली चिकणमातीचा जाड थर.
त्यावर उभारायचा होता २५६ मीटर उंचीचा 'मेसेटुर्म' हा मनोरा.

अभियंत्यांनी जमिनीत काँक्रीटचे ६४ खांब, म्हणजे पाइल, उतरवले.
त्यांवर काँक्रीटचा सलग जाड थर ओतला. हा राफ्ट.
मधोमध तो तब्बल ६ मीटर जाड!

आता मुख्य गोष्ट.
सगळा भार एकट्या पाइलवर नसतो. काही भार राफ्ट थेट मातीवर सोडतो.
पुन्हा सांगायचं, तर भार दोघांत वाटला जातो.
म्हणून पाइल कमी लागतात.

मेसेटुर्मचे पाइल तीन वर्तुळांत आहेत. आतले लांब, बाहेरचे आखूड.
कारण इमारतीचा मधला भाग जास्त खचू पाहतो.
थोडं खचणं चालतं. एका बाजूला जास्त, दुसरीकडे कमी, हे मात्र घातक.

हे गणित मातीच्या तपासणीवरच उभं असतं.
तेव्हा श्रोतेहो, उंच इमारतीत घर घेताना माती तपासणीचा अहवाल जरूर मागा.