कुणाला काय, कधी कळतं



दिवाळीनंतर भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरू लागते आणि झाडीपट्टीची नाटकं रात्र रात्र रंगतात. मोहाडी तालुक्यातल्या या करडी गावाला जागरणाचं आणि नाटकाचं नातं कुणी समजावून सांगायला नको. पण रंगमंचावर सगळी पात्रं एकदम समोर असतात आणि प्रेक्षक हवं तिकडे बघू शकतो. सिनेमा ही मोकळीक काढून घेतो. काय दाखवायचं, किती वेळ दाखवायचं आणि काय चौकटीबाहेर ठेवायचं, हे दिग्दर्शक ठरवतो. मानसशास्त्रीय थरारपटातला सगळा ताण याच अधिकारातून निर्माण होतो.

आल्फ्रेड हिचकॉकनं फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत याचा हिशेब मांडला होता. टेबलाशी दोघं गप्पा मारत बसलेत आणि अचानक खालचा बॉम्ब फुटतो. प्रेक्षक पंधरा सेकंद हादरतो. तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवला आणि भिंतीवरचं घड्याळही दाखवलं, तर त्याच निरर्थक गप्पा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’चा (2016) शेवट आठवावा. नायिका आर्चीच्या दारात माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात, ती चहा ठेवते. घरात सगळं सुरळीत चाललंय आणि थिएटरात कुणाचाही त्यावर विश्वास बसत नाही, कारण तिच्या भावाला प्रेक्षक पुरतं ओळखून असतो. प्रत्यक्ष हत्या पडद्यावर येतच नाही. आवाज नाहीसा होतो आणि उरतात लहान मुलाची रक्तानं उमटलेली पावलं.

आवाजाचा हा विचार मराठी सिनेमात फार जुना आहे. व्ही. शांताराम यांनी 1937 साली ‘कुंकू’मध्ये पार्श्वसंगीतच वापरलं नाही, घरातले आणि रस्त्यावरचे नेहमीचे आवाज तेवढे ठेवले. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेल्या नीराची घुसमट त्यामुळे जास्त टोचते. प्रेक्षकानं कुठे घाबरायचं, कुठे रडायचं हे सांगायला व्हायोलिन येत नाही. हिचकॉकलाही ‘सायको’तला (1960) न्हाणीघरातला प्रसंग संगीताविनाच हवा होता. बर्नार्ड हरमन यांनी तरीही केवळ तंतुवाद्यांवर किंचाळणारं संगीत रचलं, ते ऐकून हिचकॉकनं आपला बेत बदलला. दोन्ही निर्णय उलट दिशेचे, पण दोन्हीकडे आवाजाचा विचार दृश्याइतकाच कसून झालेला.



आवाजानंतर येतो संशय. राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’मध्ये (1964) नायकाची बायको वारली आहे. आणि कोर्टात आरोपी म्हणून उभी असलेली, हुबेहूब तशीच दिसणारी बाई म्हणते, मीच तुमची पत्नी. डोळ्यांवर विश्वास ठेवावा की आठवणीवर? या पेचात प्रेक्षकही नायकाइतकाच अडकतो. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि दोन वर्षांनी राज खोसला यांनी त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ काढला. राम गोपाल वर्मांच्या ‘कौन’नं (1999) हाच खेळ आणखी आवळला: एक घर, तीन माणसं, बाहेर धो धो पाऊस, टीव्हीवर मोकाट फिरणाऱ्या खुन्याची बातमी आणि वाजणारी बेल. ऊर्मिला मातोंडकरच्या नजरेतून प्रेक्षक घाबरत जातो, पण ती नजर खरी आहे का, हे विचारायचं त्याला सुचत नाही.

अंधार, जुना वाडा, कुरकुरणारं दार यांचीही सक्ती नाही. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’त (2017) गर्भार नेहा उसाच्या फडानं वेढलेल्या घरात येते. फडात दिवसाढवळ्याही दोन पावलांपलीकडचं दिसत नाही, त्यामुळे उघड्या रानाचीच कोठडी होते. फुरियांनी पुढे 2021 मध्ये हिंदीत ‘छोरी’ केला, तोही याच कथेवर.

करडीच्या परिसरात धानाच्या बांध्या आहेत. समजा, तिन्हीसांजेला एक मुलगी धुऱ्यावरून घरी निघाली आहे. मागून कुणी येतंय हे प्रेक्षकाला आधी दिसलं, तर एक सिनेमा होतो. तिला चाहूल लागली आणि प्रेक्षकाला काहीच दिसलं नाही, तर दुसरा. मागे कुणीही नाही हे स्पष्ट दिसत असताना ती पळत सुटली, तर तिसरा, आणि मानसशास्त्रीय थरारपट खरा तिथे सुरू होतो. तिन्ही मोबाइलवर चित्रित करता येतील; खर्च लागेल तो विचाराचा.

या तिसऱ्या सिनेमात एक धोका मात्र आहे. मनोरुग्ण म्हणजे खुनी, हे सोपं समीकरण थरारपटांनी वर्षानुवर्षं वापरलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’त (2004) स्किझोफ्रेनिया झालेला शेष कुणाच्या जिवावर उठत नाही. त्याला होणारे भास आणि बहिणीची दमछाक, एवढ्यावरच प्रेक्षक खिळून राहतो. आज पदवी घेणाऱ्यांपैकी कुणी शिक्षक होईल, कुणी आरोग्यसेवेत जाईल, एखादा झाडीपट्टीच्या मंडळासाठी संहिता लिहील. धुऱ्यावरून पळणाऱ्या त्या मुलीची गोष्ट लिहिताना तिला वेडी ठरवायचं की तिची भीती समजून घ्यायची, हा निर्णय त्यांच्याच हाती असेल.