धांवण्याआधींची शर्यत



शर्यतींत उतरणाराला दोनच गोष्टी लागतात, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पायांत बळ हवें आणि छातींत दम हवा. शाळेच्या मैदानावर चुन्याची रेघ ओढलेली असावी, ज्याला धांवावयाचें असेल त्यानें त्या रेघेवर येऊन उभें राहावें, शिट्टी वाजावी आणि सुटावें. एवढा तो सरळ मामला. परंतु जगांतील कांहीं मोठ्या शर्यती आज अशा अवस्थेला पोंचल्या आहेत कीं, त्या चुन्याच्या रेघेपर्यंत जाणें हेंच सर्वांत बिकट अंतर होऊन बसलें आहे. बळ आहे, दम आहे, वर्षभराची मेहनत आहे. नाहीं ती फक्त उभें राहावयास जागा.

मॅरेथॉन म्हणजे २६ मैल ३८५ यार्डांची, किंवा ४२ किलोमीटर १९५ मीटरांची अखंड धांव. १८९६ सालीं अथेन्स येथें ऑलिंपिक सामने नव्यानें सुरू झाले, तेव्हां ग्रीसमधील मॅरेथॉन गांवापासून अथेन्सपर्यंत ही शर्यत झाली. पुढें १९०८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्यें विंडसरच्या राजवाड्यापासून क्रीडांगणापर्यंत जो मार्ग आंखला, त्याचें अंतर २६ मैल ३८५ यार्ड भरलें. आणि १९२१ सालीं तेंच अंतर सर्व जगासाठीं कायम झालें. अमेरिकेंतील बोस्टन शहरीं १८९७ सालीं ही शर्यत प्रथम झाली, तेव्हां धांवण्यास निघालेलीं माणसें होतीं अवघीं १५. त्या दिवशीं कोणाला जागा नाकारण्याचा प्रश्नच नव्हता. जागा विपुल होती; माणसेंच नव्हतीं.

लंडनची सध्यांची शर्यत त्या मानानें अलीकडची. ऑलिंपिक सुवर्णपदकाचा मानकरी ख्रिस ब्रॅशर आणि त्याचा मित्र जॉन डिस्ले हे १९७९ सालीं न्यूयॉर्कची मॅरेथॉन धांवून आले आणि तेथील लोकांचा उत्साह पाहून भारून गेले. असा सोहळा आपल्या लंडनला कां होऊं नये, या विचारांतून २९ मार्च १९८१ रोजीं पहिली शर्यत झाली. अमेरिकेचा डिक बिअर्ड्स्ले व नॉर्वेचा इंगे सिमॉन्सेन यांनीं हातांत हात घालून शेवटची रेघ ओलांडली आणि पहिला क्रमांक वांटून घेतला. असें हें मैत्रीचें दृश्य खरें. परंतु त्याच वर्षीं नकाराचाहि आरंभ झालेला होता. सुमारें २०,००० लोकांना धांवावयाचें होतें आणि प्रवेश मिळाला तो ७,७४७ जणांना. दुसऱ्या वर्षीं अर्ज ९०,००० च्या वर गेले. आणि अलीकडचे आंकडे पाहिले तर मन थक्क होतें : २०२४ च्या शर्यतीसाठीं ५,७८,३७४ अर्ज, २०२५ साठीं ८,४०,३१८, आणि २०२६ साठीं ११,३३,८१३ ! दोन वर्षांत अर्ज जवळजवळ दुप्पट झाले. लंडनचे रस्ते मात्र होते तेवढेच राहिले.

या आंकड्यांच्या मागें जीं माणसें आहेत, त्यांच्याकडे आतां वळूं. समजा, लंडनच्या एखाद्या उपनगरांत एक शाळाशिक्षिका राहते. वय चाळिशीच्या घरांत. मुलें शाळेंत जाण्यापूर्वीं, अंधारांतच ती घराबाहेर पडते. पावसांत, धुक्यांत, कडाक्याच्या थंडींत धांवते. तिला कोणालाहि जिंकावयाचें नाहीं. ज्या रस्त्यांवरून लहानपणीं वडिलांचें बोट धरून तिनें ही शर्यत पाहिली, त्याच रस्त्यांवरून एकदां आपणहि धांवावें, एवढीच तिची इच्छा. एप्रिलमध्यें शर्यत होते आणि लागलीच पुढील वर्षाच्या सोडतीसाठीं अर्ज घेतले जातात. ती अर्ज करते. मग कांहीं आठवडे ती वाट पाहते. घरांतील मंडळी रोज विचारतात. शाळेंतील सहकारी विचारतात. आणि एके दिवशीं उत्तर येतें. भाषा अत्यंत सौजन्याची असते. परंतु मथितार्थ एकच, कीं यंदा आपलें नांव निघालें नाहीं.

या निराशेचें स्वरूप थोडें निराळें आहे. परीक्षेंत नापास झालेल्या मुलाला कोठें चुकलें हें तरी कळतें; पुढच्या खेपेस तो अधिक अभ्यास करूं शकतो. शर्यतींत मागें पडलेल्याला पुढें कोण होता हें दिसतें. परंतु सोडतींत ज्याचें नांव निघालें नाहीं, त्यानें काय सुधारावें ? रागवावयाचें तर कोणावर ? चूक कोणाचीच नाहीं, आणि म्हणूनच तें शल्य अधिक सलतें. शेजारच्या ज्या गृहस्थानें गंमत म्हणून अर्ज टाकला, जो अद्याप एक मैलहि धांवलेला नाहीं, त्याचें नांव पहिल्याच वर्षीं निघतें. आणि जी सहा वर्षें झिजली ती फाटकाबाहेर राहते. सोडत आंधळी असते असें आपण म्हणतों. ती आंधळी असल्यामुळें पक्षपात करीत नाहीं हें जितकें खरें, तितकेंच त्या आंधळेपणामुळें तिला कोणाचा घामहि दिसत नाहीं, हेंहि खरें.

येथें थोडें गणित मांडून पाहणें उद्बोधक होईल. २०२५ सालीं लंडनची शर्यत पुरी करणारांची संख्या ५६,६४० होती. पुढील वर्षाच्या अर्जांना या संख्येनें भागलें तर सुमारें २० हा भागाकार येतो. म्हणजे सर्वच्या सर्व जागा सोडतीला दिल्या असें क्षणभर मानलें, तरी वीस अर्जदारांमागें एकाला जागा. प्रत्यक्षांत पुष्कळ जागा इतर मार्गांनीं भरल्या जातात, तेव्हां खरें प्रमाण याहूनहि कमी. तरीपण वीसांत एक हेंच प्रमाण धरून चालूं. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, वीस वर्षें चिकाटीनें अर्ज करीत राहिलें म्हणजे विसाव्या वर्षीं तरी नांव निघालेंच पाहिजे. परंतु सोडतीला स्मरणशक्ति नसते. मागील वर्षीं कोणाला नाकारलें हें तिला ठाऊक नसतें. दरवर्षीं ती पाटी कोरी करून बसते. शंभर माणसांनीं या प्रमाणानें दरवर्षीं अर्ज केला, तर दहा वर्षांनंतर त्यांतील सुमारें ६० जण अद्याप वाटच पाहत असतील, आणि वीस वर्षांनंतरहि सुमारें ३६ जण कोरेच राहतील. पूर्वीं लंडनला दयेचा एक नियम होता : सलग पांच वर्षें नकार मिळाला तर पुढच्या खेपेस जागा राखून ठेवीत. न्यूयॉर्कलाहि असाच तीन नकारांचा नियम होता. परंतु नाकारलेल्यांची संख्याच इतकी वाढत गेली कीं, दोन्हीं ठिकाणीं ते नियम मोडीत काढावे लागले. दयेलाहि शेवटीं जागा पुरली नाहीं !

मग जागा वाढवीत कां नाहींत, असा प्रश्न सहजच कोणी करील. ग्रीनिचजवळ निघावयाचें, टेम्स नदीवरील टॉवर पूल ओलांडावयाचा आणि बकिंगहॅम राजवाड्याजवळ धांव संपवावयाची, असा हा मार्ग भर राजधानीच्या वस्तींतून जातो. रस्ते बंद ठेवावे लागतात, ठिकठिकाणीं पाणी ठेवावें लागतें, वैद्य व परिचारिका सज्ज ठेवाव्या लागतात. अरुंद वळणावर एक माणूस पडला तर मागून येणारे शेंकडों त्याच्यावर कोसळतील. मर्यादा घातली जाते ती धांवणाराच्या जिवासाठींच. तेव्हां कोणाला तरी नाहीं म्हणणें अटळ आहे. प्रश्न एवढाच उरतो, कीं तें कोणत्या न्यायानें म्हणावें?

बोस्टनच्या लोकांनीं या प्रश्नाचें उत्तर निराळें दिलें. त्यांनीं १९७० सालापासून पात्रतेची अट घातली. वय आणि स्त्री-पुरुष भेद लक्षांत घेऊन वेळा ठरविल्या. दुसऱ्या एखाद्या मान्य मॅरेथॉनमध्यें त्या वेळेच्या आंत धांवून दाखवावें आणि मग बोस्टनला यावें. गुणाला मान देणारी ही पद्धत प्रथमदर्शनीं फारच न्याय्य वाटते. परंतु पात्र ठरलेलेच जागांहून अधिक झाले म्हणजे काय करावयाचें ? २०२५ च्या शर्यतीसाठीं तसेंच झालें. ठरलेल्या वेळेहून ६ मिनिटें ५१ सेकंद अगोदर पोंचलेल्यांनाच प्रवेश मिळाला; आणि वेळेची अट पुरी केलेल्या १२,३२४ जणांना परत पाठविण्यांत आलें. चौतीस वर्षांपर्यंतच्या पुरुषांसाठीं त्या वेळीं मर्यादा होती तीन तासांची. दोन तास चौपन्न मिनिटांत धांवलेला तरुणहि त्या वर्षीं बाहेर राहिला. पुढील वर्षासाठीं ही मर्यादा पांच मिनिटांनीं कडक केली, तरी तिच्याहि आंत आणखी ४ मिनिटें ३४ सेकंदांची कात्री लागलीच. उत्तीर्ण होण्यास पस्तीस गुण लागतील असें आधीं सांगावें, आणि पेपर तपासून झाल्यावर बेचाळीसच्या खालचे सर्व नापास ठरवावे, तसा हा प्रकार. नियमाप्रमाणें त्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु ज्यानें चाळीस मिळविले त्याची समजूत नियम दाखवून पटत नाहीं.

तिसरा मार्ग धर्मादायाचा. शर्यतीच्या कांहीं जागा रोग्यांसाठीं, अनाथांसाठीं, अपंगांसाठीं झटणाऱ्या संस्थांकडे असतात. अशा संस्थेसाठीं ठराविक रक्कम जमवून देण्याचें वचन दिलें कीं जागा मिळते. लंडनला ही रक्कम पुष्कळदां दोन हजार पौंडांच्या आसपास असते. याचें पुण्य लहान नाहीं. एकट्या २०२४ च्या लंडन शर्यतीच्या निमित्तानें ७ कोटी ३५ लक्ष पौंड सत्कार्यासाठीं गोळा झाले. तरीपण ज्याच्या ओळखीपाळखी संपन्न लोकांत आहेत त्याला ही रक्कम जमविणें सोपें, आणि ज्याच्या आळींत सारेच हातावर पोट भरणारे आहेत त्याला अवघड, ही गोष्ट नाकारतां येत नाहीं. अशा रीतीनें दैव, गुण आणि द्रव्य असे तीन दरवाजे आहेत, आणि तिन्हीं दरवाजांबाहेर हिरमुसलेलीं माणसें उभीं आहेत.

परंतु सगळे नकार एका जातीचे नसतात. १९६६ सालीं बॉबी गिब या तेवीस वर्षांच्या तरुणीनें बोस्टनच्या शर्यतीचा अर्ज मागविला. उत्तर आलें कीं, स्त्रियांची शरीररचना मॅरेथॉनचें अंतर धांवण्यास समर्थ नसते. तेव्हां ती कॅलिफोर्नियाहून बोस्टनपर्यंतचा अनेक दिवसांचा प्रवास बसनें करून आली, भावाची अर्धी चड्डी आणि टोपी असलेला सदरा घालून आरंभाच्या जागेजवळ झुडपांत लपून बसली, आणि निम्मेअधिक धांवणारे पुढें गेल्यावर त्यांच्यांत मिसळली. ३ तास २१ मिनिटांच्या सुमारास तिनें शर्यत पुरी केली, तेव्हां सुमारें दोन-तृतीयांश पुरुष तिच्या मागें होते. पुढच्याच वर्षीं कॅथरिन स्विट्झर ही २६१ क्रमांक लावून धांवत असतां एका अधिकाऱ्यानें तो क्रमांक ओढून काढण्याचा प्रयत्न केला. बोस्टनला स्त्रियांना रीतसर प्रवेश मिळाला तो १९७२ सालीं, आणि ऑलिंपिकमध्यें स्त्रियांची मॅरेथॉन झाली ती १९८४ सालीं. गिबच्या त्या धांवेला शर्यतीच्या चालकांनीं मान्यता दिली १९९६ सालीं, म्हणजे तब्बल तीस वर्षांनीं. ज्या नकाराच्या मुळाशीं टंचाई असते तो सोसावयाचा असतो. ज्या नकाराच्या मुळाशीं अन्याय असतो तो मोडावयाचा असतो. पहिल्याला दुसरा समजून आदळआपट करणें हें पोरकटपणाचें. पण दुसऱ्याला पहिला समजून स्वस्थ बसणें हें त्याहून वाईट.

मग त्या शिक्षिकेनें काय करावें ? आषाढी एकादशीला पंढरपुरीं लाखों वारकरी जमतात. त्यांतील प्रत्येकाला विठ्ठलाच्या चरणांवर मस्तक ठेवतां येतें असें नाहीं. रांग मैल-मैल लांबते, कोणाची गाडी सुटावयाची असते, कोणाच्या शेतांतलीं कामें खोळंबलेलीं असतात. असा वारकरी चंद्रभागेंत स्नान करतो, देवळाच्या कळसाला हात जोडतो आणि समाधानानें गांवाची वाट धरतो. आपली वारी फुकट गेली असें त्याच्या मनांतहि येत नाहीं. कारण वारी घडली ती वाटेवर, प्रत्येक पावलागणिक.

मॅरेथॉनचेंहि तसेंच नव्हे काय ? इंग्लंडांत आणि जगभर कितीतरी लहान शहरांतून अशा शर्यती होतात. तेथें अर्ज केला कीं जागा मिळते, आणि २६ मैल ३८५ यार्ड हें अंतर तेथेंहि एका यार्डानेंहि कमी नसतें. आपल्या मुंबईंतहि २००४ सालीं अशी शर्यत सुरू झाली. लंडनच्या राजरस्त्यावरील तो जयजयकार तेथें नसेल. पण पहाटेच्या अंधारांत केलेली मेहनत ज्या पायांत मुरली आहे, ते पाय कोणत्याहि रस्त्यावर तेवढेच खरे असतात. पुढच्या एप्रिलमध्यें ती शिक्षिका पुन्हां अर्ज करील, आणि तिनें तो अवश्य करावा. नांव निघालें तर आनंदच आहे. न निघालें तर त्या दिवशीं तिला थोडें रडूं येईल, आणि तेंहि स्वाभाविकच आहे. परंतु दुसऱ्या दिवशीं पहाटे, मुलें उठण्याच्या आधीं, ती बुटांच्या नाड्या बांधून दाराबाहेर पडेल. त्या दारापुढच्या रस्त्यावर धांवण्यासाठीं कोणाचीहि सोडत लागत नाहीं.