मिश्री आणि तुटलेली गुणसूत्रं

जुन्नर-आंबेगावच्या खेड्यांत सकाळी तव्यावर तंबाखू भाजून मिश्री लावणाऱ्या बायका आजही दिसतात. 2012 मध्ये महाराष्ट्रानं गुटख्यावर बंदी घातली. मिश्री घराघरांत राहिलीच. तोंडाच्या पेशीत ती काय घडवू शकते, हे श्रोत्यांनी ऐकायलाच हवं.

तंबाखूतली रसायनं डीएनएला इजा करतात. गुणसूत्राच्या टोकाला टेलोमिअरचं संरक्षक टोपण असतं. या इजेमुळे गुणसूत्र तुटलं की हे टोपण जातं. विभाजनाआधी त्या तुटक्या गुणसूत्राची दुसरी प्रत बनते आणि दोन्ही उघडी टोकं एकमेकांना चिकटतात. पेशी विभागताना हा जोड दोन्हीकडून ताणला जाऊन तुटतो, पण नेमका मधोमध क्वचितच. मग एका पेशीला एखाद्या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, दुसरीला एकही नाही. टोक पुन्हा उघडंच! त्यामुळे पुढच्या विभाजनात तेच चक्र. दोनाच्या चार, चाराच्या आठही होऊ शकतात.

हे चक्र बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस मक्यात उलगडलं. पुढे सस्तन प्राण्यांच्या पेशींतही ते सापडलं. तोंडाच्या अनेक कर्करोगांत अकराव्या गुणसूत्रावरचं सायक्लिन डी-1 हे जनुक असंच वाढलेलं आढळतं. त्याचं काम पेशीला विभाजनाकडे ढकलण्याचं; प्रती वाढल्या की पेशी थांबायचं विसरते.

तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन आठवडे न भरणारी जखम असेल, तर जुन्नर, मंचर किंवा घोडेगावच्या सरकारी रुग्णालयात लगेच तपासून घ्या. आणि मिश्रीचा डबा आजच फेकून द्या.