एक नार्वे, दोन काठ

फोंडा आणि डिचोली या तालुक्यांच्या मधून मांडवी खाली येते आणि समुद्र जवळ आला की ती एका धारेने वाहत नाही. जुवे, वांशी, दिवाडी, चोडण या बेटांना वळसे घालत फुटते आणि पुन्हा जुळते. त्यातल्या दिवाडी बेटावर, डिचोलीच्या दिशेला तोंड करून, एक लहानसे गाव आहे: नार्वे. समोर पाण्यापलीकडे डिचोलीचा काठ दिसतो. तिथेही एक गाव आहे आणि त्याचेही नाव नार्वेच. दोन्हींच्या मधून फेरीबोट चालते. दुचाक्या, शाळकरी पोरे, बाजाराच्या पिशव्या घेऊन ती काही मिनिटांत या नार्व्याहून त्या नार्व्याला पोचते.

एकाच नावाची दोन गावे समोरासमोर का, या प्रश्नाचे उत्तर सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वीच्या एका स्थलांतरात आहे. त्याआधी मात्र थोडे मागे जावे लागते, कदंबांच्या काळापर्यंत.

गोव्याचे कदंब राजे सप्तकोटीश्वराला कुलदैवत मानत. या देवाच्या वराने आपल्याला राज्य लाभले, असे बिरुद ते शिलालेखांत आणि ताम्रपटांत आवर्जून मिरवत. बाराव्या शतकात शिवचित्त परमाडिदेवाने पाडलेल्या सोन्याच्या नाण्यांवरही सप्तकोटीश्वराचे नाव आहे आणि सोबत सिंह आहे. हाच सिंह आज गोव्याच्या रस्त्यांवर कदंब बसवर दिसतो. राजधानी आधी चंद्रपुरात, म्हणजे आजच्या चांदरला, आणि मग जुवारीच्या काठी गोपकपट्टणात होती. कुलदैवत मात्र मांडवीतल्या बेटावर, दिवाडीच्या नार्व्यात. देवळाजवळ कोटितीर्थ नावाचा पायऱ्यांचा तलाव होता आणि भिंतीत देवतांसाठी कोनाडे होते. तो तलाव आजही तिथे आहे. जांभ्या दगडाच्या पायऱ्या झिजल्या आहेत, काही ढासळल्या आहेत, पण मूळ बांधणी किती मोठी असेल याचा अंदाज काठावर उभे राहिले की येतो. राजाश्रय असलेल्या तीर्थाशिवाय एवढ्या लहान बेटावर कोणी असे काम काढणार नाही.

कदंबांची सत्ता गेली, चौदाव्या शतकात बहामनी फौजा आल्या आणि देऊळ मोडले. परंपरा सांगते की भक्तांनी लिंग शेताच्या बांधात पुरून ठेवले. पुढे विजयनगरच्या वतीने गोवा जिंकणाऱ्या माधव मंत्र्याने सप्तनाथाची, म्हणजे सप्तकोटीश्वराची, पुन्हा प्रतिष्ठापना केली. त्या काळच्या ताम्रपटात तिची नोंद आहे. म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या शंभर-सव्वाशे वर्षे आधी हे देऊळ एकदा मोडून पुन्हा उभे राहिलेले होते. गोव्याच्या इतिहासात देवळांच्या पाडापाडीची सुरुवात नेहमी सोळाव्या शतकापासून धरली जाते. नार्व्याचा पुरावा मात्र ती त्याआधीही झाल्याचे दाखवतो.

१५१० साली आफोंसु द आल्बुकेर्कने तिसवाडी घेतली. दिवाडी तिसवाडीतच मोडते. पहिली तीस वर्षे देवळांना फारसा धक्का लागला नाही. १५४० च्या सुमारास मात्र धोरण पालटले. तिसवाडीतली देवळे पाडली गेली, त्यांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवले गेले. सप्तकोटीश्वराचे देऊळ त्यातच गेले. त्या जागी कँडेलेरिया मातेचे छोटे चॅपेल उभे राहिले, ते आजही आहे. लिंगाचे काय झाले याविषयी लोकांत चालत आलेली गोष्ट अशी, की ते विहिरीवर पाणी ओढण्याच्या कामी लावले होते. तिथून ते काढून एका रात्री होडीतून पलीकडे नेण्यात आले.

कोणी नेले, किती जण होते, होडी कोणाची होती? लिंग काही खिशात घालून नेण्याची वस्तू नाही. दगड जड, होडी लहान, पहाऱ्याची भीती. वल्हे मारणारा तारी, दोर बांधणारे हात, पलीकडे चिखलात उतरून वाट पाहणारी माणसे, एवढी तरी लागलीच असतील. या कथेतली मोठी नावे राजांची आणि मंत्र्यांची आहेत. पण साऱ्या कथेचा भार ज्या एका रात्रीवर आहे, त्या रात्रीची बहुतेक माणसे निनावी आहेत. नार्व्याच्या इतिहासात पहिला मान त्यांना मिळायला हवा.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणावा. लिंग किती लांब गेले? नदीच्या रुंदीएवढेच. पण ती नदी तेव्हा सरहद्द होती. अलीकडे पोर्तुगीज राज्य, पलीकडे डिचोलीत विजापूरच्या आदिलशहाचा अंमल. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन आले आणि तिसवाडीत उघड पूजाअर्चा अशक्य झाली, तेव्हा हाकेच्या अंतरावरच्या डिचोलीत देवापुढे समई लावायला कोणाची आडकाठी नव्हती. त्या काळात गोव्यातली कितीतरी दैवते अशीच नदी ओलांडून गेली. चोडणचा देवकीकृष्ण आधी मयेला आणि मग माशेलला गेला. दिवाडीचाच महागणपती फिरत फिरत अखेर खांडोळ्याला स्थिरावला. बार्देशातून शापोरा नदी पार करून काही दैवते पेडणे महालात गेली, धारगळची शांतादुर्गा त्यांतलीच. फोंड्याचा अंत्रूज महाल तर अशा आलेल्या देवांनीच भरला. गोव्यातल्या देवळांची आजची मांडणी समजून घ्यायची असेल तर सोळाव्या शतकातल्या नद्यांच्या सरहद्दी आधी पाहाव्यात.

बहुतेक देव नव्या गावी गेले, तेव्हा त्या गावचे झाले. सप्तकोटीश्वर मात्र जिथे उतरला ती वस्तीही नार्वे म्हणूनच ओळखली जाते आणि बेटावरच्या गावाला लोक जुने नार्वे म्हणतात. मागे राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी नवा धर्म घेतला. जमीन तीच राहिली, बांध तेच राहिले.

हे बांध काय, ते थोडे सांगायला हवे. दिवाडीचा सखल भाग खाजन जमिनीचा आहे. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घालायचे आणि बांधात एके ठिकाणी मानस बसवायची. मानस म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरती आली की पाण्याच्या जोराने दारे आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात आणि शेतातले जास्तीचे पाणी नदीत जाते. पावसाळ्यात तिथे कोरगूट भात पिकते, ते थोडा खारटपणा सोसते. मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मासळी आणि सुंगटे धरतात. हे सगळे सांभाळणारी संस्था म्हणजे गावकरी. बांध फुटला तर हिंदू-ख्रिस्ती दोघांचेही शेत बुडते, म्हणून बांधाची डागडुजी कुठल्याही राजवटीत थांबली नाही. पोर्तुगीजांनी गावकरीला कोमुनिदाद म्हटले आणि तिचे कायदे लिहून काढले, पण तिला मोडून टाकले नाही. मोडले असते तर बेट खाऱ्या पाण्याखाली गेले असते.

देऊळ गेले तरी तीर्थाचे माहात्म्य गेले नाही. गोकुळाष्टमीला नार्व्याच्या पंचगंगेत, म्हणजे इथल्या नदीच्या पात्रात, स्नान करायची जुनी प्रथा होती. जेझुइट इतिहासकार फ्रान्सिस्कु द सोझा यांच्या १७१० साली छापलेल्या ग्रंथातही या स्नानाची दखल आहे. बेटाच्या बाजूने बंदी, म्हणून लोक डिचोलीच्या काठाने पाण्यात उतरत. पाणी दोन्ही काठांना लागून वाहत होते, ते कोणाला कापून वाटता आले नाही. आजही गोकुळाष्टमीला डिचोली आणि आसपासच्या तालुक्यांतले भाविक नार्व्याला स्नानाला येतात.

जगात अशी उदाहरणे इतरत्रही सापडतात. पॅलेस्टाईनच्या उत्तर भागात, गॅलिलीत, लेबनॉनच्या सरहद्दीजवळ इक्रित नावाचे लहान ख्रिस्ती अरब गाव होते. नोव्हेंबर १९४८ मध्ये इस्रायली सैन्याने गावकऱ्यांना थोड्या दिवसांसाठी म्हणून दुसऱ्या गावी हलवले. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा परतण्याचा हक्क मान्य केला. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी सैन्याने त्यांची घरे सुरुंग लावून उडवली. टेकडीवर उरले ते चर्च आणि खाली दफनभूमी. त्या घरांची नातवंडे-पतवंडे आजही प्रार्थनेसाठी तिथे जमतात आणि आपल्या माणसांना तिथेच पुरतात. इक्रितमध्ये माणसे गेली आणि प्रार्थनास्थळ राहिले. नार्व्यात देव गेला आणि माणसे बरीचशी राहिली. दोन्हीकडे गावाचे नाव मात्र कोणी सोडले नाही.

डिचोलीच्या नार्व्यात पहिली शंभर-सव्वाशे वर्षे देव साध्याच आश्रयाला होता. आणि मग १६६८ साल उजाडले.

आदल्याच वर्षी, नोव्हेंबर १६६७ मध्ये, शिवाजी महाराजांच्या फौजेने बार्देशावर चाल केली होती. त्यानंतर तह झाला. १६६८ च्या पावसाळ्यानंतर महाराज पुन्हा डिचोलीच्या बाजूला आले. थोडी थोडी माणसे वेषांतर करून गोव्यात घुसवायची आणि आतूनच शहर घ्यायचे, असा त्यांचा बेत असल्याचे त्या काळच्या परकीय पत्रव्यवहारात येते. व्हाइसरॉयला सुगावा लागला आणि बेत फसला. नेमक्या त्याच दिवसांत नार्व्याच्या देवळाच्या बांधकामाला हात लागला. देवळाच्या दारावरच्या लेखात शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार असा काळ दिला आहे. इंग्रजी तारखेने तो नोव्हेंबर १६६८. शिवराजाच्या आज्ञेने देवालयाचा प्रारंभ झाला, एवढेच लेख सांगतो. विजयाचा उल्लेख नाही, बिरुदावली नाही. रायगडावरचा राज्याभिषेक अजून साडेपाच वर्षे दूर होता.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण ती भाषणांतून अनेकदा उलटी सांगितली जाते. महाराजांनी पोर्तुगीजांनी पाडलेल्या जागी देऊळ बांधले नाही. ती जागा पाण्यापलीकडे, शत्रूच्या ताब्यात होती. लोकांनी जिथे देव आधीच नेऊन ठेवला होता, तिथे त्यांनी देऊळ दिले. गोव्याची तेव्हाची राजधानी आणि हे देऊळ यांच्या मधे फक्त दिवाडी बेट आणि नदीचे दोन फाटे. सरहद्दीवर, ऐन मोहिमेच्या धामधुमीत, कदंब राजांचे कुलदैवत पुन्हा उभे करणे हे भक्तीचे काम होतेच. त्याबरोबर या मुलखाचा जुना धनी कोण होता, याची आठवण पलीकडच्या काठाला करून देणेही होते.

देऊळ आकाराने मोठे नाही. जांभा दगड आणि चुना, उतरत्या छपराचा मंडप, गर्भगृहावर अष्टकोनी कोठीवर बसवलेला घुमट. समोर उंच दीपस्तंभ, आणि बाजूला काळभैरव. आतले लिंग गुळगुळीत नाही, त्याला कंगोरे आहेत. अशा लिंगाला धारालिंग म्हणतात. घुमट मुसलमानी वळणाचा, मंडपाची कमान पाश्चात्त्य वळणाची, दीपस्तंभ मराठी. आपल्याकडे काही जणांना ही सरमिसळ खटकते. खरे तर तो त्या काठावरच्या गवंड्यांच्या हाताचा चोख पुरावा आहे. त्यांनी आदिलशाहीतही कामे केली होती आणि नदीपलीकडची चर्चही पाहिली होती.

पुढच्या शंभर वर्षांत सरहद्द धगधगतीच राहिली. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री संभाजी महाराजांच्या माणसांनी दिवाडीच्या शेजारचे जुवे बेट घेतले आणि दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय स्वतः फौज घेऊन गेला तेव्हा कसाबसा जीव वाचवून परतला. नंतर डिचोली सावंतवाडीच्या भोसल्यांकडे गेली. १७८१ मध्ये पोर्तुगीजांनी ती कायमची घेतली, १७८८ मध्ये पेडणे. म्हणजे दोन्ही नार्वी कायमची एका झेंड्याखाली आली ती १५१० नंतर तब्बल २७१ वर्षांनी. तोवर पोर्तुगीजांचे धोरणही बदलले होते. नव्या काबिजादीतली, म्हणजे नव्याने जिंकलेल्या मुलखातली, देवळे पाडायची नाहीत, असे ठरले होते, म्हणून सप्तकोटीश्वर जागेवर राहिला. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, तेव्हा इथल्या पाण्यावर खनिज भरलेल्या बार्जींची ये-जा सुरू झालेली होती.

देवळाचा अलीकडचा जीर्णोद्धार गोवा सरकारच्या पुरातत्त्व खात्याने केला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा भाविकांसाठी खुले झाले. कोटितीर्थाच्या विकासाचीही घोषणा झाली आहे. ती प्रत्यक्षात येताना काँक्रीट आणि फरशी टाळली, जांभा जांभ्यानेच सांधला, तर फार बरे. शिवाय तलावाच्या बाजूला सध्या पोहोचणारे थोडे, आणि देवळाच्या बाजूला गर्दी, हे प्रमाणही बदलायला हवे. एका नार्व्याचा इतिहास दुसऱ्याशिवाय सांगताच येत नाही.

त्यासाठी एक सुचवावेसे वाटते. नार्व्याला जायचे तर थेट डिचोलीवरून जाऊ नये. जुन्या गोव्याहून फेरीने दिवाडीला उतरावे. आधी जुन्या नार्व्यात कोटितीर्थ पाहावे आणि कँडेलेरियाच्या चॅपेलपाशी थांबावे. मग पलीकडची फेरी घेऊन डिचोलीच्या काठी यावे आणि चढण चढून देवळात जावे. लिंग ज्या क्रमाने गेले तोच हा क्रम आहे. फेरीबोटीत बसताना भरती आहे की ओहोटी, तेही पाहून ठेवावे. जड दगड घेऊन निघालेल्या त्या होडीला प्रवाह कोणत्या बाजूला ओढत असेल, ते तेव्हाच नीट कळते.